दक्षिण-पश्चिम नागपूर विधानसभा मतदारसंघाचा इतिहास कुठून आणि कसा मोजावा

राज्यशास्त्राच्या एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने दक्षिण-पश्चिम नागपूर विधानसभा मतदारसंघाचा निवडणूक इतिहास हा प्रकल्पाचा विषय घेतला आहे. तिचे प्रश्न तीन आहेत. या मतदारसंघाच्या आमदारांची यादी २००९ पासूनच सुरू होते, तर त्याआधीचे आमदार म्हणून पश्चिम नागपूरचे आमदार धरावेत काय? हा भाग पहिल्यापासून भाजपचा बालेकिल्ला होता असे सर्रास लिहिले जाते, ते कितपत खरे? आणि २०१४ पासून विजेत्याचे मताधिक्य दर निवडणुकीत घटत गेले, त्यावरून पक्षाचा पाया ढासळतो आहे असा निष्कर्ष काढता येईल काय? नागपुरातील निवडणुकांचे मतदान केंद्रनिहाय आकडे जमवणे आणि ते लावून पाहणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे विजेत्यांच्या यादीतून मिळत नाहीत, ती मतदारसंघाच्या सीमा आणि हरलेल्यांची मते वाचल्यावरच मिळतात, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात सीमांपासूनच करावी लागते. दक्षिण-पश्चिम नागपूर, अनुक्रमांक ५२, हा मतदारसंघ न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाच्या, म्हणजे मतदारसंघांच्या सीमा आखणाऱ्या आयोगाच्या, पुनर्रचनेतून निर्माण झाला. ही पुनर्रचना २००१ च्या जनगणनेवर आधारलेली होती, २००८ मध्ये ती अमलात आली आणि महाराष्ट्रात विधानसभेसाठी तिच्यानुसार पहिले मतदान ऑक्टोबर २००९ मध्ये झाले. त्याआधीची रचना १९७१ च्या जनगणनेवरची, १९७६ च्या आदेशाची होती. तिच्यात नागपूर शहराला उत्तर, पूर्व, दक्षिण, मध्य आणि पश्चिम अशा पाच जागा होत्या. म्हणजे १९७८ पासून २००४ पर्यंतच्या सर्व विधानसभा निवडणुका शहराने एकाच नकाशावर लढवल्या, आणि त्या काळात शहर मात्र पश्चिमेला आणि दक्षिणेला वाढतच राहिले. वर्धा मार्गावरील आणि रिंग रोडलगतच्या वसाहती, सोनेगाव, जयताळा, खामला, त्रिमूर्तीनगर, स्वावलंबीनगर हा सगळा पट्टा या काळात भरत गेला. नव्या रचनेत शहराच्या जागा सहा झाल्या आणि जिल्ह्याच्या बारा. कळमेश्वर हा जुना ग्रामीण मतदारसंघ नकाशावरून गेला आणि हिंगणा नव्याने आला.

जुना पश्चिम नागपूर किती मोठा झाला होता, हे मतांच्या आकड्यांतूनच दिसते. २००४ मध्ये तिथे पहिल्या दोन उमेदवारांना मिळून दोन लाखांवर मते पडली होती. २००९ मध्ये नव्या दक्षिण-पश्चिम नागपुरात पहिल्या दोघांची बेरीज दीड लाखाच्या आसपास आहे. शहराची लोकसंख्या पाच वर्षांत घटली नव्हती, मतदारसंघ लहान झाला होता. म्हणून या दोन निवडणुकांचे मताधिक्य एका आलेखावर शेजारीशेजारी मांडणे मुळातच चुकीचे आहे, आणि बहुतेक वृत्तांत नेमके तेच करतात.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, पश्चिम नागपूरचे आमदार हे दक्षिण-पश्चिम नागपूरचे पूर्वीचे आमदार म्हणून एका यादीत घालू नयेत. मात्र जुन्या पश्चिम नागपूरचा इतिहास प्रकल्पात पूर्वपीठिका म्हणून आलाच पाहिजे, कारण नव्या मतदारसंघाच्या भूभागाचा मोठा हिस्सा तिथूनच आलेला आहे आणि उमेदवारही तिथूनच आले आहेत. दोन्ही भाग वेगळ्या प्रकरणांत, वेगळ्या तक्त्यांत ठेवावेत, आणि मधे पुनर्रचनेचे एक स्वतंत्र प्रकरण असावे. माझ्या मते संपूर्ण प्रकल्पात तेच प्रकरण सर्वांत महत्त्वाचे ठरेल.

१९७८ च्या मागे जायचे असेल तर मोजके बोलणे बरे. १९५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा नागपूर ही तत्कालीन मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि इथले आमदार त्या विधानसभेत बसत. १९५७ मध्ये इथल्या मतदारांनी द्विभाषिक मुंबई राज्याच्या विधानसभेसाठी मतदान केले, आणि महाराष्ट्राच्या विधानसभेसाठी पहिले मतदान १९६२ मध्ये झाले. सभागृहाचा आकार १९६२ मध्ये २६४, १९६७ आणि १९७२ मध्ये २७०, आणि १९७८ पासून २८८ असा बदलत गेला. प्रत्येक बदलाबरोबर शहरातील जागांच्या सीमाही हलल्या. तीन राज्यांच्या विधानसभा आणि अनेक पुनर्रचना ओलांडून एकच मतदारसंघ १९५२ पासून चालत आला आहे असे दाखवणारा तक्ता कितीही नेटका दिसला, तरी तो इतिहास म्हणून स्वीकारू नये.

आता दुसरा प्रश्न, बालेकिल्ल्याचा. जुना पश्चिम नागपूर १९९० पूर्वी काँग्रेसकडे होता. विदर्भाचे राजकारण त्या काळात उर्वरित महाराष्ट्रापेक्षा वेगळे चालत असे. १९७७ च्या जनता लाटेतही नागपूर लोकसभेची जागा काँग्रेसचे गेव्ह आवारी यांनी जिंकली होती. नितीन गडकरी यांनी १९८५ मध्ये याच पश्चिम नागपुरातून विधानसभा लढवली आणि ते पराभूत झाले, हे आज अनेक तरुण वाचकांना ठाऊक नसते. त्या निवडणुकीत भाजपला राज्यभरात सोळाच जागा मिळाल्या होत्या. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात भाजपच्या विचाराच्या उमेदवारांचा जम त्याआधीच बसला होता. देवेंद्र फडणवीस यांचे वडील गंगाधरराव फडणवीस हे नागपूर पदवीधर मतदारसंघातूनच विधान परिषदेवर होते आणि १९८९ मध्ये गडकरीही तिथूनच परिषदेवर गेले. पण पदवीधरांची मर्यादित मतदार यादी आणि विधानसभेची सर्व प्रौढांची यादी या दोहोंत पडलेले अंतर १९८५ च्या निकालात स्पष्ट दिसते. पश्चिम नागपुरातील शिक्षित वसाहतींतून पक्षाला पाठिंबा होता, परंतु त्या वसाहतींच्या बाहेर तो पुरेसा पसरलेला नव्हता.

तो पसरला १९९० मध्ये. शिवसेना-भाजप युतीची ती पहिली विधानसभा निवडणूक होती आणि राज्यात भाजपचे ४२ आमदार आले. पश्चिम नागपुरातून भाजपचे विनोद गुडधे पाटील निवडून आले आणि १९९५ मध्ये, युतीची सत्ता आली त्या निवडणुकीत, त्यांनी ही जागा पुन्हा जिंकली. म्हणजे या भागात भाजपचा विधानसभेतील विजय १९९० पासूनचा आहे आणि त्याची पहिली दहा वर्षे गुडधे पाटलांची आहेत. आज ही जागा केवळ फडणवीस यांच्या नावाने ओळखली जाते, पण ती पहिल्यांदा कोणी काढली याची नोंद प्रकल्पात ठळकपणे असायला हवी.

१९९९ ची निवडणूक मला या सगळ्या इतिहासात सर्वांत बोलकी वाटते. त्या वर्षी महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा यांचे मतदान एकत्र झाले. भाजपने आमदार गुडधे पाटील यांना नागपूर लोकसभेची उमेदवारी दिली आणि त्यांच्या मोकळ्या झालेल्या पश्चिम नागपुरात देवेंद्र फडणवीस यांना उभे केले. फडणवीस तोवर नगरसेवक राहिलेले होते आणि १९९७ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, शहराचे महापौर झाले होते. लोकसभेत गुडधे पाटील काँग्रेसच्या विलास मुत्तेमवार यांच्याकडून हरले. विधानसभेत फडणवीस काँग्रेसचे अशोक धवड यांच्याविरुद्ध सुमारे नऊ हजार मतांनी जिंकले. एकाच वेळी दिलेल्या दोन मतांत शहराने लोकसभेसाठी काँग्रेसला आणि पश्चिम नागपुराने विधानसभेसाठी भाजपला कौल दिला. दुसरे असे की, शरद पवारांचा राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष त्याच वर्षी जूनमध्ये स्थापन झाला होता आणि दोन्ही काँग्रेस तेव्हा परस्परांविरुद्ध लढत होत्या. एक लाख ऐंशी हजारांवर मते घेणाऱ्या दोन उमेदवारांमधले नऊ हजारांचे अंतर, तेही विरोधक फुटलेले असताना, याला बालेकिल्ला म्हणता येणार नाही. ती चुरशीची जागा होती.

२००४ मध्ये अंतर सुमारे साडेसतरा हजारांवर गेले. या वेळी समोर रणजित देशमुख होते, प्रदेश काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवलेले आणि जिल्ह्यात स्वतःचे वजन असलेले नेते. दोन्ही काँग्रेस एकत्र होत्या आणि राज्यात आघाडीची सत्ता कायम राहिली, भाजपच्या जागा ५६ वरून ५४ वर आल्या. तरीही पश्चिम नागपुरात भाजपचे मताधिक्य जवळपास दुप्पट झाले. या निवडणुकीपासून उमेदवाराचे वैयक्तिक वजन पक्षाच्या मतांत मिसळू लागले असे मी मानतो. दोहोंचे प्रमाण अचूक वेगळे करून दाखवणे मात्र कोणालाच शक्य नाही, आणि तसा दावा प्रकल्पात करू नये.

त्यानंतर पुनर्रचना झाली आणि जुना पश्चिम नागपूर फुटला. पुढे काय घडले ते नीट पाहावे, कारण बालेकिल्ल्याच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. फडणवीस नव्या दक्षिण-पश्चिम मतदारसंघात आले. 'पश्चिम' हे नाव मात्र उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या भागाकडे, म्हणजे गिट्टीखदान, सदर, झिंगाबाई टाकळी या बाजूला राहिले. २००९ मध्ये दक्षिण-पश्चिम नागपुरात फडणवीस यांना ८९ हजारांवर आणि काँग्रेसचे विकास ठाकरे यांना ६१ हजारांवर मते मिळाली, अंतर २७ हजारांच्या वर गेले. त्याच दिवशी पश्चिम नागपुरात भाजपचे सुधाकर देशमुख काँग्रेसचे अनीस अहमद यांच्याविरुद्ध अवघ्या दोन हजारांच्या आसपास मतांनी निसटले. राज्यात तर भाजप ४६ जागांपर्यंत खाली आला होता. राज्यात पक्ष घसरत असताना, लहान झालेल्या मतदारसंघात मताधिक्य दहा हजारांनी वाढते आणि शेजारच्या तुकड्यात ते जवळजवळ संपते, याचा सरळ अर्थ असा की, जुन्या मतदारसंघात एकमेकांना तोलून धरणारी दोन प्रकारची वस्ती पुनर्रचनेने वेगवेगळी केली. त्यातल्या एका भागात भाजप स्वच्छ पुढे होता, दुसऱ्यात बरोबरीची लढत होती.

पुढच्या निवडणुकांनी हे आणखी ठसवले. पश्चिम नागपुरात २०१४ च्या लाटेत सुधाकर देशमुख सुमारे २६ हजारांनी जिंकले, त्यांच्यासमोर या वेळी विकास ठाकरे होते. २०१९ मध्ये ठाकरे यांनी तीच जागा सहा हजारांवर मतांनी काढली आणि २०२४ मध्ये, भाजपची राज्यभर सरशी होऊन १३२ जागा आल्या तेव्हाही, त्यांनी ती राखली. म्हणजे दक्षिण-पश्चिम नागपुरात २००९ मध्ये हरलेला उमेदवार शेजारच्या तुकड्यात जाऊन दोनदा आमदार झाला. 'पश्चिम नागपूर' या नावाचा वारसा पाहिला तर ती जागा आज काँग्रेसची आहे, आणि भूभागाचा वारसा पाहिला तर त्याचा एक हिस्सा भाजपचा आहे. ज्याला बालेकिल्ला म्हणतात तो २००९ नंतरचा आहे आणि तो घडवण्यात परिसीमन आयोगाच्या रेषेचा मोठा वाटा आहे.

हे म्हणताना आयोगावर कोणताही हेत्वारोप मला सुचवायचा नाही. भौगोलिक सलगता, प्रशासकीय सीमा, दळणवळण आणि लोकांची सोय या कायद्यात दिलेल्या निकषांवर रेषा आखल्या जातात आणि एखादी मोठी झालेली जागा तोडताना कुठल्या तरी बाजूला एकसारखी वस्ती पडणारच. परिणाम मोजणे वेगळे आणि हेतू ठरवणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीचा पुरावा हाती नसताना तिच्याविषयी लिहू नये.

इथेच आणखी एक गैरसमज दूर करतो, कारण बाहेरून येणारे पत्रकार तो प्रत्येक निवडणुकीत नव्याने छापतात. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे मुख्यालय महालात आहे आणि महाल मध्य नागपूर मतदारसंघात येतो. मुख्यालयामुळे दक्षिण-पश्चिम नागपूर भाजपचा, ही मांडणी त्यामुळे नकाशावरच टिकत नाही. शिवाय ज्या मध्य नागपुरात ते मुख्यालय आहे, तिथून १९९९ आणि २००४ मध्ये काँग्रेसचे अनीस अहमद निवडून आले होते. उलट दीक्षाभूमी दक्षिण-पश्चिम नागपुरात आहे. आंबेडकरी चळवळीचे मतदार या मतदारसंघात लक्षणीय आहेत, आणि त्यांच्या मतांचा प्रवास समजून घेतल्याशिवाय इथला मताधिक्याचा आलेख वाचताच येत नाही. रिपब्लिकन पक्षाची स्थापना ऑक्टोबर १९५७ मध्ये याच शहरात झाली होती. या मतांचा विचार उत्तर नागपुरापुरता, म्हणजे अनुसूचित जातींसाठी राखीव जागेपुरता मर्यादित ठेवण्याची जी सवय लागली आहे ती सोडली पाहिजे.

आता तिसरा प्रश्न. तीन निवडणुकांचे आकडे आधी मांडतो. २०१४ मध्ये फडणवीस यांना १,१३,९१८ आणि काँग्रेसचे प्रफुल्ल गुडधे पाटील यांना ५४,९७६ मते मिळाली, अंतर ५८,९४२. २०१९ मध्ये फडणवीस १,०९,२३७ वर राहिले आणि काँग्रेसचे आशिष देशमुख ५९,८९३ वर, अंतर ४९ हजारांवर. २०२४ मध्ये फडणवीस १,२९,४०१ आणि पुन्हा उभे राहिलेले प्रफुल्ल गुडधे पाटील ८९,६९१, अंतर ३९,७१०. दर वेळी साधारण दहा हजारांनी अंतर कमी झाले, हे खरेच आहे. पण मताधिक्य हे वजाबाकीचे उत्तर असते, आणि दोन संख्यांपैकी कोणती हलली हे त्यातून कळत नाही.

विजेत्याचा हिस्सा पाहा. झालेल्या मतदानापैकी २०१४ मध्ये तो ५९ टक्क्यांच्या आसपास होता, २०१९ आणि २०२४ मध्ये ५७ टक्क्यांच्या आसपास. दहा वर्षांत, एकदा प्रदेशाध्यक्ष म्हणून, एकदा मावळते मुख्यमंत्री म्हणून आणि एकदा उपमुख्यमंत्री म्हणून लढताना, त्यात दोन टक्क्यांचाच फरक पडला. विरोधी काँग्रेस उमेदवाराचा हिस्सा मात्र याच काळात २८-२९ टक्क्यांवरून ३१ वर आणि तिथून ३९ वर गेला. ही वाढ विजेत्याच्या मतांतून झालेली नाही, ती तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाच्या मतांतून झाली आहे.

२०१४ ची लढत मुळात बहुरंगी होती. मतदानाच्या तीन आठवडे आधी, २५ सप्टेंबर रोजी, युती तुटली आणि त्याच दिवशी आघाडीही. चारही प्रमुख पक्ष वेगवेगळे लढले आणि इथे बहुजन समाज पक्ष सोळा हजारांवर मते घेऊन तिसऱ्या स्थानी आला. २०१९ मध्ये युती आणि आघाडी जुळलेल्या होत्या, पण वंचित बहुजन आघाडी आणि बसपा यांनी मिळून पुन्हा सोळा हजारांच्या आसपास मते घेतली. २०२४ मध्ये पहिल्या दोन उमेदवारांनी मिळून २,१९,०९२ मते घेतली, म्हणजे एकूण मतदानाच्या ९६ टक्क्यांच्या आसपास. बाकीच्या सर्वांच्या आणि 'नोटा'च्या वाट्याला काही हजार उरली. पूर्वी बसपा आणि वंचितकडे जाणारी मते २०२४ मध्ये मोठ्या प्रमाणावर काँग्रेसच्या चिन्हाकडे वळली असा निष्कर्ष या आकड्यांवरून काढायला मला संकोच वाटत नाही. संविधानाचा मुद्दा त्या वर्षी लोकसभा निवडणुकीपासून केंद्रस्थानी होता आणि दीक्षाभूमीच्या परिसरात त्याचा परिणाम सर्वांत आधी दिसणे स्वाभाविक होते.

तिसऱ्या क्रमांकाची मते किती निर्णायक ठरू शकतात याचा दाखला शेजारच्याच उत्तर नागपुरात आहे. तिथे २०१४ मध्ये भाजपचे मिलिंद माने जिंकले, बसपाचे किशोर गजभिये दुसरे आले आणि त्याआधी सलग तीन वेळा निवडून आलेले काँग्रेसचे नितीन राऊत तिसऱ्या स्थानावर गेले. पुढच्या दोन्ही निवडणुकांत विरोधी मते एका बाजूला आल्यावर राऊत यांनी मानेंनाच हरवले. दक्षिण-पश्चिम नागपुरात हीच प्रक्रिया घडूनही निकाल बदलला नाही, कारण विजेत्याचा हिस्सा निम्म्याच्या बराच वर होता. विरोधी मतांची फूट सांधल्याने अंतर कमी होते. निकाल उलटायचा असेल तर विजेत्याच्या ५७ टक्क्यांतूनच मते यावी लागतात, आणि तशी ती आल्याची खूण या तीन निवडणुकांत मला दिसत नाही. पाया ढासळला असे म्हणायला आधार नाही, परंतु मतविभागणीमुळे मिळणारे मोठे अंतर आता संपले आहे, एवढे मात्र निश्चित म्हणता येते.

एका आकड्याकडे मात्र लक्ष द्यायला हवे. २०१४ ते २०१९ या काळात मतदार यादी वाढली, उमेदवार दरम्यान पाच वर्षे मुख्यमंत्री होते, आणि तरीही त्यांची मते साडेचार हजारांहून अधिक कमी झाली. त्या वर्षी या मतदारसंघात मतदान निम्म्याच्या आसपास रेंगाळले. निकाल ठरलेलाच आहे असे मानणारा मतदार घरी राहतो आणि तो बहुधा विजेत्याच्या बाजूचा असतो, ही नागपुरातील कार्यकर्त्यांची जुनी तक्रार आहे. २०२४ मध्ये मतदान वाढले तेव्हा फडणवीस यांची मते वीस हजारांनी वाढली, पण काँग्रेसची जवळपास तीस हजारांनी. वाढलेल्या मतदानाचा फायदा दोघांनाही झाला, विरोधकाला अधिक. यातला नेमका कोणता मतदार नवा आणि कोणता पूर्वी बसपा-वंचितला मत देणारा, हे एकूण आकड्यांवरून सांगता येत नाही. तिथे केंद्रनिहाय निकालच उघडावे लागतात.

हरलेल्या उमेदवारांची वंशावळही या मतदारसंघात अभ्यासण्यासारखी आहे. प्रफुल्ल गुडधे पाटील हे विनोद गुडधे पाटलांचे पुत्र, म्हणजे ज्यांनी ही जागा भाजपला पहिल्यांदा मिळवून दिली त्यांच्याच घरातील उमेदवार काँग्रेसकडून दोनदा लढला. आशिष देशमुख हे रणजित देशमुखांचे पुत्र. वडील २००४ मध्ये पश्चिम नागपुरात आणि मुलगा २०१९ मध्ये दक्षिण-पश्चिम नागपुरात त्याच प्रतिस्पर्ध्याकडून हरले. मधल्या काळात, २०१४ मध्ये, आशिष देशमुख काटोलमधून भाजपचे आमदार झाले होते, तिथे त्यांनी काका अनिल देशमुख यांना हरवले होते. आमदारकीचा राजीनामा देऊन ते काँग्रेसमध्ये गेले, नंतर भाजपमध्ये परतले आणि २०२४ मध्ये सावनेरमधून निवडून आले. या सगळ्यावरून काँग्रेसने इथे दर वेळी उमेदवार बाहेरून किंवा जुन्या घराण्यांतून शोधला असे दिसते. विकास ठाकरे २००९ च्या पराभवानंतर इथेच टिकून राहिले असते तर काय झाले असते, हा प्रश्न काँग्रेसच्या कार्यकर्त्यांत आजही चर्चिला जातो. मला तो रास्त वाटतो, कारण सलग दोन निवडणुका एकाच काँग्रेस उमेदवाराने लढल्याचे या मतदारसंघात एकदाही घडलेले नाही.

शेवटी साधनांविषयी, कारण प्रकल्पाची गुणवत्ता तिथेच ठरणार आहे. उमेदवारनिहाय एकूण मते निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालांत मिळतात आणि ती विश्वसनीय आहेत. केंद्रनिहाय निकाल 'नमुना २०' मध्ये असतात, ते राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर अथवा जिल्हा निवडणूक कार्यालयाकडे मागावेत. मतपत्रिकांच्या काळात मोजणीपूर्वी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका अनेकदा एकत्र मिसळल्या जात, त्यामुळे जुन्या पश्चिम नागपूरचे केंद्रनिहाय चित्र सलग मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. टपाली मते 'नमुना २०' मध्ये स्वतंत्र ओळीत येतात, ती कोणत्याही वस्तीच्या नावावर टाकू नयेत.

परिसीमन आदेशात शहरी मतदारसंघांची व्याप्ती महापालिकेच्या प्रभाग क्रमांकांनी दिलेली आहे, आणि ते प्रभाग २००१ च्या जनगणनेच्या वेळचे आहेत. महापालिकेने त्यानंतर प्रभागरचना अनेकदा बदलली. २०१७ च्या निवडणुकीत तर चार सदस्यांचे मोठे प्रभाग आले. आजचा प्रभाग नकाशा हातात घेऊन २००८ चा आदेश वाचणारा विद्यार्थी निम्म्या वस्त्या चुकीच्या मतदारसंघात टाकतो, हे मी वारंवार पाहिले आहे. २००१ चा प्रभाग नकाशा मिळवून त्यावरच सीमा आखाव्यात आणि मगच वस्त्यांची नावे लिहावीत.

मतदान केंद्रांचे क्रमांकही दोन निवडणुकांत सारखे राहतात असे धरू नये. मतदारांची संख्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की केंद्र विभागले जाते आणि पुढचे सगळे क्रमांक सरकतात. तुलना करायची ती शाळेच्या किंवा इमारतीच्या नावाने आणि मतदार यादीच्या भागातील वस्त्यांच्या नावाने, क्रमांकाने नव्हे. हे काम कंटाळवाणे आहे, पण खामला, जयताळा आणि दीक्षाभूमीलगतच्या वस्त्यांतली केंद्रे २०१४, २०१९ आणि २०२४ अशी तिन्ही वेळा जुळवून मांडली, तर बसपा आणि वंचितची मते कुठून कुठे गेली याचे उत्तर कोणत्याही मुलाखतीपेक्षा खात्रीचे मिळेल. याच पद्धतीने २०२४ च्या लोकसभेची केंद्रनिहाय मतेही शेजारी लावावीत. तिथे काँग्रेसचे उमेदवार विकास ठाकरे होते आणि समोर नितीन गडकरी, त्यामुळे पक्षाचे मत आणि उमेदवाराचे मत यांतला फरक त्याच वर्षातल्या दोन निवडणुकांवरून तपासता येतो.

हे काम पुढे ढकलू नये असे कळकळीने सुचवतो. विधानसभेच्या जागांची फेररचना २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत घटनेनेच थांबवून ठेवली आहे. ती जनगणना झाली की नवे परिसीमन येईल, आणि शहर ज्या दिशेने वाढले आहे ते पाहता दक्षिण-पश्चिम नागपूरच्या सीमा आहेत तशा राहण्याची शक्यता कमी आहे. २००८ मध्ये पश्चिम नागपूर फुटला तेव्हा जुन्या केंद्रांच्या याद्या जतन करून ठेवणारे फार थोडे लोक होते, आणि त्यामुळे आज २००४ आणि २००९ यांच्यामधला सांधा अंदाजाने जुळवावा लागतो. तेव्हा २०२४ ची केंद्रांची संपूर्ण यादी, तिच्यातील प्रत्येक भागाच्या वस्त्यांसह, आणि त्या निवडणुकीचा 'नमुना २०' या दोन्हींच्या प्रती आताच मिळवाव्यात, त्यांचा तक्ता करावा आणि तो प्रकल्पाला परिशिष्ट म्हणून जोडावा.